बुद्धाच्या हातावरचा टोपीवाला

बाबा,

काल तो टोपीवाला परत आला. जपानातल्या कामाकुराच्या त्या भल्यामोठ्या बुद्धाच्या जुळलेल्या अंगठ्यांवर, तुम्ही त्याला जिथून पुसून टाकला होतात नेमका तिथेच, एक पाय खाली सोडून बसलेला. पाठोपाठ त्याचा छत्रीवाला मित्रही आला. जुन्या कागदांची दुरुस्ती करणारी एक बाई काडीला ओलसर कापूस गुंडाळून फोटोवरून हलके हलके फिरवत होती आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून तुमच्या हातचं शेवटचं काम निघून जाताना बघत होते. पुसा म्हणून तिला सांगणारीही मीच.

तुम्हाला जाऊन आज एक महिना आणि सहा दिवस झाले. सुहास अस्थी घेऊन कऱ्हाडला गेलाय. ड्युसेलडॉर्फच्या या घरात मी आणि रेवा दोघीच आहोत. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "इथले फोटोग्राफर लोक बाबांसाठी शोकसभा ठेवतायत. तू बरं लिहितेस, चार शब्द मेल कर ना." मी लिहायला बसले. पहिल्या ओळीत जन्मगाव आलं, दुसरीत बस स्टँडसमोरचा स्टुडिओ, तिसरीत मनमिळाऊ स्वभाव, आणि मला माझाच राग आला. तसलं तुमच्या मुलानं लिहावं. मला तुमच्याशी भांडण पुरं करायचंय, आणि ते काही शोकसभेत वाचण्यासारखं नाही.

मला चुका काढायचाच पगार मिळतो, हे तुम्ही सगळ्या कऱ्हाडला सांगून ठेवलं होतंत. "आमची सून जर्मनीत चुका काढते." सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे काय, हे याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं. पण ही सवय संध्याकाळी ऑफिसात ठेवून येता येत नाही. भांडी कुठल्या खणात लावली, कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकला, रेवाला किती वाजता झोपवलं, मी येताजाता चुका काढतच असायची. तुम्ही हसून म्हणायचात, "बाई आल्या, तपासणी सुरू." त्या हसण्याचा मी फार फायदा घेतला, बाबा.

सुरुवात वरच्या मजल्यावरच्या फ्राउ ब्रांटकडे झाली. म्हातारी चौऱ्याऐंशीची, एकटी राहते, आणि तुम्ही तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्यापासून तिला तुमचं भारी कौतुक. जिन्यात भेटलात की तुम्ही मराठीत आणि ती जर्मनमध्ये, दोघं आपापलं बोलायचात आणि समाधानानं आपापल्या दारात शिरायचात. त्या रविवारी तिनं आपल्याला केक खायला बोलावलं आणि काळ्या लाखेच्या पुठ्ठ्याचा तो अल्बम काढला. तुम्ही आधी खिशातून रुमाल काढून हात पुसलेत, मग तो मांडीवर घेतलात. फुजी पर्वत, चहाघरातल्या बायका, रिक्षा ओढणारी माणसं, आणि मग लागोपाठ तीन पानं बुद्धाची. फिकट तपकिरी फोटो, त्यावर हातानं भरलेले रंग. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "अगं वृंदा, हे रंगवलेत!" आपल्या गावचा माणूस परदेशात अचानक भेटावा तसा तुमचा चेहरा झाला होता.

फ्राउ ब्रांट त्या फोटोंविषयी बराच वेळ बोलत होती. चांगली वीसेक मिनिटं. मी तुम्हाला सांगितलं, "जपानचे जुने फोटो आहेत, त्यांच्या घरातले."

एवढंच. वीस मिनिटांचं एवढंच.

निघताना मीच तिला म्हटलं की ऑफिसात चांगला स्कॅनर आहे, तिच्या भाच्यांना पाठवायला सगळी पानं स्कॅन करून देते. म्हणून अल्बम खाली आपल्या घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर राहिला. माझ्या स्कॅनिंगला मुहूर्त लागेना. तुम्ही मात्र रोज सकाळी आम्ही गेल्यावर तो उघडून बसायचात.

मंगळवारची ती संध्याकाळ मला आठवते आणि बरं वाटतं, म्हणून ती आधी लिहिते. सुहास टूरवर होता. मी लॅपटॉप उघडून बसले होते आणि तुम्ही बुद्धाची तीन पानं उघडून अल्बम माझ्यासमोर सरकवलात. "यातला सकाळचा कुठला, सांग." मी म्हटलं, मला काय कळतंय. मग तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि बुद्धाच्या नाकाखालची सावली दाखवलीत. एकात सावली ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर होती, दुसऱ्यात उजव्या, तिसऱ्यात नुसतीच खाली. सकाळ, संध्याकाळ, भरदुपार. मग झाडांकडे बघायला लावलंत. पानं पुसट होती, कारण तेव्हा कॅमेऱ्याची काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे आणि वारा काही थांबत नाही. पायरीवर उभ्या असलेल्या एका भिक्षूला धड होतं आणि डोकं नव्हतं, नुसता धूर. "याला शिंक आली असणार," तुम्ही म्हणालात. आणि मागे तो बुद्ध, प्रत्येक चुणी, डोक्यावरची केसांची प्रत्येक गाठ लख्ख. त्याचं देऊळ कधीकाळी समुद्राच्या लाटेनं नेलं म्हणे, तेव्हापासून तो उघड्यावरच बसलाय. तुम्ही बराच वेळ भिंग डोळ्याला लावून होतात. मग म्हणालात, "पन्नास वर्षं धंदा केला, पण असं न हलणारं गिऱ्हाईक आपल्याला नाही मिळालं."

मी मनापासून हसले. रेवा पायजम्यात येऊन आजोबांच्या खुर्चीच्या दांड्यावर बसली आणि जर्मनमध्ये प्रश्न विचारायला लागली, तुम्ही अंदाजानं मराठीत उत्तरं देत होतात आणि बरीचशी बरोबर येत होती. लॅपटॉप मात्र मी मिटला नव्हता. मधूनमधून एक डोळा मेलवर होताच.

आणि गुरुवारी मी घरी आले तेव्हा तुम्ही दारातच उभे होतात. इतके खूश की मला बूटसुद्धा काढू दिले नाहीत. "चल, चल, बघ आधी." टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, रेवाची शाळेची रंगपेटी उघडी, कंपासपेटीतून आणलेले तुमचे बारीक ब्रश वाळत ठेवलेले. मधोमध तो भरदुपारचा फोटो. बुद्ध बसला होता. हात मांडीवर, अंगठे जुळलेले. हातावर कुणीही नव्हतं.

"बूट घालून बसली होती गं माणसं, देवाच्या हातावर," तुम्ही म्हणालात. "एक टोपी, एक छत्री. काढून टाकली. बघ, कळतंय का कुठे?"

कळत नव्हतं. खरंच सांगते, कुठेही कळत नव्हतं. बोटांची वळणं तुम्ही शेजारच्या पानावरच्या रिकाम्या हाताच्या फोटोवरून उचलली होतीत, रंग जुन्या कागदाच्या तपकिरीत मिसळून गेला होता. माझं कामच चुका काढायचं आणि मला एकही सापडली नसती.

पण मला ठाऊक होतं तो टोपीवाला कोण होता. फ्राउ ब्रांटचा पणजोबा. घरात त्याचा तेवढा एकच फोटो होता. तो एक माणूस त्यात आहे म्हणून तो अख्खा अल्बम दोन महायुद्धांतून आणि चार घरांतून सांभाळला गेला होता. हे तिनं रविवारी मला सांगितलं होतं, बोट ठेवून दाखवलं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तुमच्यापर्यंत ते मी पोचवलंच नव्हतं.

मी काय काय बोलले ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? हा तुमचा स्टुडिओ आहे का? दुसऱ्याची वस्तू आहे, बाबा, दीडशे वर्षांची! काय तोंड दाखवू मी त्या बाईला?" तुमच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच अडकून राहिलं आणि खाली सगळं बदललं. मग तुम्ही अगदी हळू म्हणालात, "निघेल गं ते. ओल्या कापसानं निघेल. आण कापूस, आत्ता काढतो."

"आता अजिबात हात लावू नका," मी म्हटलं. अल्बम उचलला, आमच्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. तुमच्या देखत. घरात पाच वर्षांत त्या कपाटाला कधी कुलूप लागलं नव्हतं.

सुहासला मी रात्री फोनवर सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पण वृंदा, त्यांच्याकडे कुणी जुना फोटो घेऊन आलं की ते आणखी काय करणार?" मला तेव्हा ते बापाची बाजू घेणं वाटलं. आता नीट कळतं. बस स्टँडसमोरच्या तुमच्या दुकानात जुना फोटो कुणी नुसता बघायला आणला नव्हता. फाटलाय जोडा, विटलाय उजळा, आईच्या अंगावर शालू दाखवा, बाबा लग्नाआधी गेले त्यांना लग्नाच्या फोटोत उभे करा. भांडून वेगळ्या झालेल्या मेव्हण्याला काढून टाका. तुम्ही तो मेव्हणा काढला होतात, पण नवरदेवाच्या खांद्यावरचा त्याचा पंजा विसरून राहिला आणि त्या घरात तो पंजा अजून भिंतीवर आहे, हा किस्सा तुम्ही किती रंगवून सांगायचात. फोटो टेबलावर चार दिवस पडून आहे म्हणजे काम आलंय. काम आलंय म्हणजे त्यातलं खुपणारं काढायचं. तुमच्या हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं, आणि मी तो फोटो तुमच्यासमोर चार दिवस उघडा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आपण एकदाच नीट भांडलो. म्हणजे आरडाओरड न करता. मी म्हटलं, "बाबा, फोटो हा पुरावा असतो. जे होतं ते तसंच्या तसं." तुम्ही पोह्यांची ताटली बाजूला केलीत. "पुरावा कोर्टात. घरात फोटो असतो तो जे राहावं असं वाटतं ते राहण्यासाठी." मी म्हटलं, "आणि जे राहू नये असं तुम्हाला वाटतं, ते दुसऱ्याला राहावं असं वाटत असेल तर?" तुम्ही विचार केलात. उत्तर द्यायला तोंड उघडलंत, तेवढ्यात माझी ट्रामची वेळ झाली. "संध्याकाळी बोलू," मी म्हटलं. संध्याकाळी मी बोलले नाही. माझा राग गेला नव्हता. तुम्ही काय म्हणणार होतात, बाबा? मी तेव्हापासून दोन्ही बाजूंनी भांडून बघते आहे, पण तुमच्या बाजूनं मला तुमच्यासारखं बोलता येत नाही.

त्यानंतरचे सोळा दिवस. तुम्ही रुसला नाहीत. रुसला असतात तर मी समजूत काढली असती. तुम्ही विचारायला लागलात. "हा पेपर रद्दीत टाकू का?" "ही कढई घेतली तर चालेल?" "रेवाला खाली बागेत नेऊ?" या घरात तुम्ही स्वतःच्या हातानं चहासुद्धा विचारून करायला लागलात. मला ते दिसत होतं. रोज ठरवायची की आज म्हणेन, अहो बाबा, काय हे, घर तुमचंच आहे. आणि रोज काहीतरी असायचं, मीटिंग, रेवाचं पोहणं, कंटाळा. फ्राउ ब्रांटला मी जिन्यात खोटं सांगितलं की स्कॅनर बिघडलाय. कोलोनमधल्या एका कागद दुरुस्त करणाऱ्या बाईला फोटो पाठवून मेल लिहिली, तिनं दीड महिन्यानंतरचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ दिली. मला वाटलं, तोवर तुम्ही कऱ्हाडला परत गेलेले असाल, मी गुपचूप नीट करून आणीन आणि मग फोनवर हसत सांगेन. माझ्याकडे सगळ्याचं वेळापत्रक असतं.

मग ती शनिवारची सकाळ आली. ते मी लिहिणार नाही, तुम्ही होतातच तिथे. हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी तुम्ही थोडे शुद्धीवर होतात तेव्हा मी तुमचा हात धरला होता. उजवा. अंगठ्याशेजारच्या बोटावर ब्रश धरून पडलेला घट्टा होता, तो मी पहिल्यांदाच बघितला. वीस वर्षांत पहिल्यांदा. मला तेव्हा म्हणायचं होतं. नर्स आली, मी बाजूला झाले.

इथे माणूस गेला की आधी कागद. श्टांडेसआम्टचा, म्हणजे नोंदणी कचेरीचा दाखला, मग क्रेमाटोरियमची तारीख. तुमचा दहावा उलटून गेला तरी तुम्ही थंड खोलीत वाट बघत होतात. कऱ्हाडहून आत्याबाई रोज फोन करून विचारायच्या, "अगं, दिवस कुठपासून धरायचे?" आणि सुहास खिडकीशी उभा राहून रडायचा. मी फॉर्म भरत होते. फॉर्ममध्ये तुमच्या नावापुढे व्यवसाय विचारला होता. मी "फोटोग्राफ" लिहिलं, जर्मनमध्ये फोटोग्राफरला तसंच म्हणतात, आणि तिथे माझा बांध फुटला. समोरच्या कारकून बाईनं पाण्याचा पेला पुढे केला.

त्या आठवड्यात मी वर गेले आणि फ्राउ ब्रांटला सगळं खरं सांगितलं. अल्बम समोर ठेवला. तिनं पान उघडलं आणि बराच वेळ त्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती म्हणेल, राहू दे, त्यांची आठवण म्हणून राहू दे. खोटं कशाला बोलू, तिनं तसं म्हणावं अशी माझी इच्छा होती. ती म्हणाली, "फार सुंदर केलंय. आणि मला तुझं फार वाईट वाटतं. पण तो मला परत हवा आहे, पोरी. मी त्याला दुसरीकडे कुठे बघू?" तिचं बरोबर होतं. मी मान हलवली.

तर काल कोलोन. त्या बाईनं फोटो दिव्याखाली घेतला, भिंगातून बघितला, तिरपा धरून बघितला. मग मला विचारलं, "बरं, हे कुणी केलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "ज्यानं केलं त्याला काम येत होतं. आधी डिंकाचा पातळ थर दिलाय, रंग त्याच्या वर. खालच्या फोटोला धक्का लागू नये आणि कधी वाटलं तर पाण्यानं सुटून यावा, म्हणून. आमच्याकडे शिकवतात तसंच." डिंक. म्हणजे हिवाळ्यात माझी कंबर धरते म्हणून लाडवांसाठी तुम्ही कऱ्हाडहून पुडी आणली होतीत, त्यातला. त्या गुरुवारी सिंकमध्ये एक चिकट वाटी होती. ती घासताना मी पुटपुटत होते, हे मला आठवलं.

"ओल्या कापसानं निघेल," हे तुम्ही मला सांगितलं होतंत. त्याच शब्दांत. मी तुम्हाला हात लावू दिला नाही, आणि जे तुम्ही त्याच संध्याकाळी पाच मिनिटांत केलं असतंत ते करायला मी परक्या बाईकडे गेले, तेही तुम्ही गेल्यावर. माझं चुकलं, बाबा. यात "पण" नाही.

आधी टोपी दिसली, मग छत्रीची कड, मग टोपीवाल्याचा चेहरा. एवढुसा, भाताच्या दाण्याएवढा. बुद्धाची बोटं, तुम्ही काढलेली, एकेक करून कापसावर आली. तपकिरी डाग. तिनं तो कापूस पायाखालच्या टोपलीत टाकला आणि नवा घेतला, असं आठ-दहा वेळा. मी तोंडावर हात धरून बसले होते. तिनं थांबून विचारलं, जरा बाहेर जाऊन येणार का? मी नाही म्हटलं.

सगळं मात्र परत आलं नाही. टोपीवाल्याच्या कोटाला त्या जुन्या रंगाऱ्यानं फिकट निळा हात दिला होता, त्यातला थोडा तुमच्या रंगाबरोबर निघून गेला. खांद्यावर आता पांढुरका ठिपका आहे. तेव्हा तुम्हीही पूर्ण बरोबर नव्हतात, हे नोंदवून ठेवते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाई, तपासणी झाली का?" अजूनही मला वाटतं की दुसऱ्याच्या फोटोतून माणूस काढू नये. पण ज्या रागानं मी तुमच्याशी भांडले तो राग तुमच्यावरचा नव्हता. मला माहीत होतं कुणाचं चुकलंय, आणि ते लपवायला मी तुमच्यावर ओरडले.

काल संध्याकाळी अल्बम वर नेऊन दिला. फ्राउ ब्रांटनं चष्मा लावला, बोट त्या चेहऱ्याजवळ नेलं, टेकवलं नाही. "दा इस्ट एर या," म्हणाली. आला की हा. रेवा माझ्याबरोबर होती. ती जर्मनमध्ये म्हणाली, "आजोबांनी केला होता तो जास्त छान होता," आणि माझ्या मागे लपली. म्हातारी रागावली नाही. "असेल," म्हणाली, आणि तिनं आम्हाला बसवून पणजोबाची गोष्ट पहिल्यापासून परत सांगितली. या वेळी माझा फोन खाली घरी होता.

तेव्हा आता सांगते, बाबा. त्या रविवारी तुम्हाला सांगायची राहिली ती सगळी, एकही वाक्य न गाळता.

तिचा पणजोबा बावीस वर्षांचा होता. हांबुर्गच्या एका व्यापाऱ्याच्या योकोहामातल्या कचेरीत कारकून. घरची इतकी आठवण यायची की पहिलं वर्षभर तो जेवताना रडायचा. त्याला एकच मित्र होता, तोच हा छत्रीवाला. दोघं सुट्टीच्या दिवशी घोड्यावरून बुद्ध बघायला गेले. तिथे एक फोटोवाला तिकाटणं लावून वैतागून बसला होता. सकाळपासून त्यानं मूर्तीचे फोटो घेतले होते, पण नुसती मूर्ती कितीही नीट घेतली तरी ती केवढी आहे ते कळत नव्हतं. फोटोत ती टेबलावर ठेवायच्या मूर्तीएवढी दिसायची. म्हणून त्यानंच या दोघांना हातावर चढून बसायला सांगितलं. मापासाठी. माणूस शेजारी असल्याशिवाय घरच्या लोकांना बुद्ध केवढा आहे ते पटणार नाही, असं तो म्हणाला. तुम्ही हे ऐकलं असतंत तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतात, "बरोबर आहे, माप पाहिजेच!" आणि ब्रश कंपासपेटीतच राहिला असता.

काशाचा हात उन्हानं इतका तापला होता की विजारीतून चटका बसत होता, पण फोटोवाल्यानं हलू नका म्हणून बजावलं होतं. दोघं दात आवळून बसले. हलले नाहीत, म्हणून दिसतात. त्या पावसाळ्यात छत्रीवाला तापानं तिथेच गेला. पणजोबा परत आला, लग्न केलं, म्हातारा झाला, आणि दर वर्षी त्या एका दिवशी अल्बम काढून मित्राचा चेहरा बघायचा. मित्राच्या आईकडेही त्याचा दुसरा फोटो नव्हता. तिनं एकदा पत्र लिहून मागितला होता आणि पणजोबानं दिला नाही. त्याचं त्याला मरेपर्यंत वाईट वाटत राहिलं. हे त्यानं नातीला सांगितलं, नातीनं फ्राउ ब्रांटला, फ्राउ ब्रांटनं मला.

त्या रविवारी हे सगळं ती सांगत होती तेव्हा मधे दोनदा तिनं तुमच्याकडे बोट करून मला खुणावलं, सांग की त्यांना. मी मान हलवून पुढे ऐकत राहिले, म्हणजे ऐकल्यासारखं केलं.

आणि एक राहिलं. हे तिला काल आठवलं नाही, मीही तिला आठवण करून दिली नाही. त्या रविवारी शेवटी ती तुमच्या हातांकडे बघत होती. तिनं मला विचारलं, "तुझे सासरे किती हळुवार पानं उलटतात. काय करायचे ते?" मला सोमवारच्या मीटिंगची तयारी करायची होती. फोटोग्राफर होते, असेच फोटो हातानं रंगवायचे, असं सांगितलं असतं तर आणखी तासभर तिथून निघता आलं नसतं. तिनं तुम्हाला शंभर प्रश्न विचारले असते आणि प्रत्येक मला सांगावा लागला असता. मी म्हटलं, "त्यांचं एक छोटंसं दुकान होतं." तिनं "असं का" म्हणून अल्बम मिटला. तुम्ही हसत माझ्याकडे बघत होतात. आपल्याविषयी काहीतरी विचारलंय, एवढं तुम्हाला कळलं होतं.

"काय म्हणत होती गं?" तुम्ही विचारलंत.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. "चला."